भिंतीतील मोठी वीज लहान करून मिळणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
वीजपुरवठा कार्यालय, जिन्याखालील खिडकी.

विषय : मीटरखोलीची किल्ली व सोबत एक माणूस आजच पाठविणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ज्यात सदर वीज अस्तित्वात नसल्याचे कळविले आहे.

महोदय,

१. मी सेवानिवृत्त कारकून असल्याने अर्जाचे भय मला वाटत नाही, विजेचे वाटते. माझी तळमजल्याची खोली पूर्वी एका बेकरीवाल्याची होती. त्याचे पीठ मळण्याचे यंत्र तीन फेजवर चाले. तो गेला, यंत्र गेले, भिंतीतले मोठे सॉकेट आणि त्यामागची चारशे व्होल्टची वीज तेवढी राहिली.

२. माझी पत्नी उद्या रुग्णालयातून घरी येत आहे. सोबत श्वासाचे यंत्र आहे. ते साध्या सॉकेटवरच लावायचे, एक्स्टेन्शन वापरायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. तिला जिना वर्ज्य, म्हणून पलंग याच खोलीत. आणि या खोलीत सॉकेट हेच एक.

३. पत्नीचा धाकटा भाऊ हुशार आहे, असे तिच्या माहेरी मानतात. "भावोजी, यात काय आहे एवढं?" असे म्हणून त्याने घराचा मेन बंद केला, मोठे सॉकेट काढले आणि त्या जागी साधे बसविले. साध्याला भोके दोन कामाची, म्हणून जाड तारांपैकी दोन जोडल्या, उरलेल्यांना चिकटपट्टी लावली. घराच्या मेनचा त्या तारांशी काहीही संबंध नव्हता. पकडीला रबर होते, पायात चपला होत्या. तो कसा वाचला हे त्याला माहीत नाही, कारण वाचण्यासारखे काही चालले आहे हेच त्याला माहीत नव्हते.

४. चाचणीसाठी टेबलावरचा दिवा लावला. त्याने क्षणभर आयुष्यात दिला नव्हता एवढा उजेड दिला आणि गादीवर विखुरला. मेव्हणा म्हणाला, "बल्बच हलका होता." मग त्याला गावी तातडीचे काम आठवले.

५. वायरमनला आणले. त्याने सॉकेटला तपासणीचा मीटर लावला आणि मागे सरकला. म्हणाला, "काका, हे सॉकेट नाही, सोंग आहे." त्याच्या मते त्या लाइनचा मेन बंद करून आधी मीटरने खात्री करावी, जास्तीचे फेज बोर्डापासूनच काढावेत, न्यूट्रल आणावी, अर्थिंग तपासावे, बेताचा ब्रेकर टाकावा आणि मगच साधे सॉकेट. परंतु तो मेन मीटरखोलीत असून तिला आपले कुलूप आहे. "मेन बंद झाल्याशिवाय हात लावणार नाही. माझ्या बायकोलाही नवरा एकच आहे," असे तो म्हणाला. मला ते पटले.

६. आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे की, बेकरीचे कनेक्शन कागदोपत्री बंद झाले आहे. सबब त्यात वीज नाही, आणि नसलेली वीज बंद करता येत नाही. खिडकीवरील गृहस्थ म्हणाले, "एवढी शंका असेल तर बोट लावून बघा." बोट लावल्यास माझे म्हणणे सिद्ध होईल, हे मान्य. पण मयत अर्जदाराचा अर्ज निकाली काढतात, हे मी स्वतः अनेक वर्षे केलेले आहे.

७. सॉकेटवर "हात लावू नये" असा कागद चिकटविला होता. तो मीच काढला. आमच्या मंडळींना हात लावू नये असे सांगितले की, का लावू नये हे त्या आधी हात लावून पाहतात. शिवाय प्लग लावताना त्या बघत नाहीत, बोटाने भोक चाचपतात. आयुष्यभराची सवय आहे. त्यामुळे मी आजपासूनच सॉकेटपुढे खुर्ची ठेवून तीत बसलो आहे. पाठीला जरा मुंगी चावली, तरी मी अजून आहे ना, हे आधी पाहतो.

तरी आज कृपा करावी. नसलेली वीज बंद केली, असे कागदावर आले नाही तरी चालेल. भिंतीत आले पाहिजे.

आपला, जागचा न हललेला,
अर्जदार
सोमवार, सकाळ

सोबत : १) मोठे सॉकेट, पिशवीत. २) दिव्याचे उरलेले बूड.

ता.क. अर्ज घेऊन शेजारीणबाई येत आहेत, कारण मला उठता येत नाही. आत्ताच रुग्णालयातून फोन होता : खाट रिकामी हवी म्हणून पत्नीला आजच सोडले. खुर्ची सॉकेटपुढे का, हे मी तिला फोनवरच सांगून टाकले. ती म्हणाली, "काही होत नाही. आले की बघते."