निरोगी नमुना

ताई,

लांबूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे. खोली छान उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

प्रयोगशाळेत मी नेमकं काय करते, असं विचारलं होतंस. जर्किनची चेन उघडावी तशी डीएनएची दुहेरी साखळी उलगडते आणि प्रत्येक अर्ध्या साखळीसमोर तिचा जोडीदार नव्याने बसत जातो. एकीच्या दोन होतात. मूळ साखळीत चूक असली, तर तीही इमानेइतबारे उतरते. बाबांच्या आजाराची चूक अशीच. आम्ही ती शोधतो.

परवा त्याच आजाराच्या एका रुग्णाच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त शिल्लक नव्हतं. अशा वेळी इथे सगळे स्वतःचंच वापरतात. मीही वापरलं, जराही विचार न करता. दोन्ही निकाल सारखे आले. साहेब म्हणाले, "दोन्ही नळ्यांत रुग्णाचंच रक्त घातलंस." मी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा.

यावर औषध नाही, हे तुला काय सांगू? शेवटी बाबांना तूच भरवायचीस. तू तपासून घे, असं मी म्हणणार नाही. पण हल्ली तुझ्या हातून काही पडत नाही ना गं?

माझं अक्षर हललंय ते थंडीमुळे.

आईला कळू देऊ नकोस. "धाकटी अगदी बापावर गेलीय," असं ती कौतुकाने म्हणाली, तर नेहमीसारखी हसून हो म्हण.

तुझीच,
धाकटी