जीपचा तखमिना

१२ मार्च १९९१, मंगळवार

घेतली! शेवटी घेतलीच! कचेरीच्या मागच्या शेडमध्ये सडत पडलेली ती जीप आमच्या ह्यांनी लिलावात सहा हजार दोनशेला घेतली. बोली बोलणारे तिघंच. एक भंगारवाला, एक टपरीवरचा रिकामटेकडा, आणि आमचे माणिकराव — निवृत्त डायव्हर, वय अठ्ठावन्न. भंगारवाला पाच हजारावर थांबला. लोखंडात जन्म गेलेला माणूस जिथं थांबतो तिथं आपणही थांबावं, एवढी अक्कल नाही. पुढचे बाराशे कोणाशी चढाओढ? त्या रिकामटेकड्याशी!

आणि घरी आणली कशी, तर बैलजोडी लावून. अख्ख्या उटनूरनं पाहिलं. शेजारची सोजरबाई दारात उभी राहून विचारते, "काय वो बाई, नवीन नांगर घेतला काय?" म्हटलं, हो, ह्यांच्या डोक्यावरून फिरवायचा हाय.

१३ मार्च

अंगणात उभी आहे. बालवाडीत शिकवायला जायचं तर आधी तिच्या बंपरला वळसा घालून जायचं. पदर अडकला, टर्रकन फाटला. पहिल्याच दिवशी!

१५ मार्च, शुक्रवार

आज खरी मौज झाली. सत्तार मिस्त्री आला होता. बॉनेट उघडून आत पाहतो तर काय — कार्बोरेटर नाही, डायनामो नाही, बॅटरी नाही. टायर चारही गुळगुळीत, माझ्या पोळपाटासारखे. मिस्त्री म्हणाला, "कौन चोर निकाला जी ये सब?"

हे पुढं झाले. मग बनियनला हात पुसत म्हणाले, "म्याच काढलं."

मी हातातला चहा तसाच धरून उभी! निवृत्तीच्या आदल्या महिन्यात हुकूम निघाला होता म्हणे — जुन्या जीपचं चांगलं सामान काढून कचेरीच्या दुसऱ्या जीपला लावा. ह्यांनी लावलं. एकूण एक. दुसरा कोणी डायव्हर असता तर लिलावात आपणच घेणार म्हणून चार वस्तू तरी मागं ठेवल्या असत्या. ह्यांनी एक नट ठेवला नाही. आपल्या हातानं कोंबडी सोलली, आणि मग तीच पिसं नसलेली कोंबडी पुऱ्या भावानं विकत घेतली!

"हुकूम होता नं," म्हणतात. हुकूम! हा शब्द ह्यांच्या तोंडून ऐकला की माझ्या अंगाची आग होते.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी चहाबरोबर फाइल आली. खरीखुरी फाइल — पुठ्ठा, लाल दोरी, वर शाईनं लिहिलेलं: ‘तखमिना’. कचेरीत निजामाच्या काळापासून खर्चाच्या अंदाजाला हाच शब्द. सत्तावीस वर्षं साहेबांच्या फायली जीपमधून वाहिल्या, त्यातली एक अंगात शिरलेली दिसते.

इंजिन तीन हजार चारशे. जुने टायर पाच, दोन हजार. हूड आणि गाद्या नऊशे. रंग सहाशे. किरकोळ पाचशे. एकूण सात हजार चारशे. प्रत्येक बाबीला तीन तीन दुकानांचे भाव जोडलेले — आदिलाबाद, निर्मल, नांदेड. शेवटी उत्पन्नाचं पान: आठवडी बाजारांना भाड्यानं दिली की आठवड्याला दीडशे, जत्रेचे वेगळे. आणि सगळ्याच्या खाली, ‘मंजुरीस सादर’. त्याखाली माझं नाव. सौ. रेणुकाबाई. सहीला जागा सोडलेली.

कारण हाताशी होतं ते लिलावात गेलं; उरलेले ग्रॅच्युइटीचे एकतीस हजार बँकेत दोघांच्या नावावर आहेत, माझ्या सहीशिवाय दमडी निघत नाही. आयुष्यात एवढं एकच शहाणपणाचं काम केलं ह्यांनी, आणि आता पस्तावत असतील.

ते पैसे स्लॅबचे आहेत. वीस वर्षं पत्र्याखाली भाजून निघाले, पावसात भांडी मांडत फिरले. ह्या वर्षी स्लॅब, असं ठरलं होतं. मुलांच्या वह्या तपासायची लाल पेन्सिल घेतली आणि फायलीवर लिहिलं — ‘नामंजूर. घरावरचे पत्रे गळतात.’

ह्यांनी फाइल उचलून नेली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत.

२ एप्रिल, मंगळवार

फेरतखमिना! सहा हजार नऊशे. रंगातले तीनशे कमी केले — म्हणे "ब्रशानं म्याच मारतो" — आणि किरकोळमधले दोनशे. वा रे काटकसर!

मी वाचत होते तोवर उभे होते. बसले नाहीत. साहेबापुढं उभे राहायचे तसे, हात मागं बांधून. मी म्हटलं, बसा की. बसेनात. मग खाली पाहत म्हणाले, "एवढंच पायजे मले. दुसरं काई मागणार नाई."

खरं आहे, ह्या माणसानं कधी काही मागितलं नाही. भाजीत मीठ मागितलं नाही. राग आला. का आला सांगता येत नाही. सही केली.

१९ एप्रिल

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मसाला आज नांदेडहून बसच्या टपावरून आला.

५ मे, रविवार

इंजिन उघडलं. अंगणभर तेल. तुळशीला पाणी घालताना पाय घसरला. सत्तार मिस्त्री पाटावर बसून माझ्या हातचं थालीपीठ खातो आणि मला समजावतो, "अम्मा, पुराना लोहा है. आजकल ऐसा लोहा किदर मिलता?" म्हटलं, मिस्त्री, मिळत नाही कारण शहाणी माणसं ते विकून टाकतात. तो हसला. त्याचं काय जातं? रोजचे चाळीस रुपये आणि वर थालीपीठ.

क्रँक चिरलेली निघाली. तखमिन्यात क्रँक नाही! तीन हजार चारशेचं इंजिन आता पाच हजार शंभरावर. आज ‘पुरवणी मागणी’ आली. पुन्हा दोरी, पुन्हा तीन दुकानं, पुन्हा मागं बांधलेले हात. सही केली. स्लॅबमधल्या जिन्याच्या सहा पायऱ्या गेल्या असं मी धरते.

२३ जून, रविवार

आज सुमीला जाऊन अठरा वर्षं.

लिहीन म्हणत नव्हते. पण जीप दारात उभी आहे आणि हे तिच्याखाली झोपून पाने फिरवून राह्यले, आज तरी नको की!

साडेतीन वर्षांची होती. पहाटेपासून हगवण आणि ओकारी. साडेसातला मी एकटीच तिला घेऊन कंपाउंडरकडं गेले, त्यानं आदिलाबादच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तशीच पोर खांद्यावर टाकून कचेरीत आले. आठ वाजले होते. साहेब हैद्राबादला गेलेले. जीप शेडमध्ये, टाकी भरलेली. किल्ली ह्यांच्या शर्टाच्या खिशात — मला दिसत होती. हीच जीप. हीच!

हे म्हणाले, "सरकारी गाडी हाय रेणुके. हुकूम नाई."

मी पाया पडले. नवऱ्याच्या नव्हे, डायव्हरच्या. तरी नाही. बसथांब्यावर जाऊन उभे राहिलो. बस दहाला आली. सव्वाअकराला, इंदरवेल्लीच्या पुढं, माझ्या मांडीवर सुमी गेली. मग मूल झालं नाही.

मी रडले, भांडले, चार महिने माहेरी मुधोळला जाऊन बसले, परत आले. हे रोज सकाळी जीप पुसायचे. सोजरबाई एकदा म्हणाली, सवत परवडली. अठरा वर्षांत ह्या माणसानं तोंड उघडून एकदा म्हटलं नाही — माझं चुकलं, गाडी काढली असती तर पोर वाचली असती. एवढं एक वाक्य. मला ना स्लॅब पाहिजे ना काही. ते वाक्य ऐकल्याशिवाय मी मरणार नाही, असं मी सुमीच्या फोटोपुढं कितीदा तरी बोलले आहे.

आजही दिवा लावला तेव्हा आत आले, हात जोडले, बाहेर गेले. पुन्हा पाने.

२४ जुलै

पाऊस मुसळधार. सहा ठिकाणी गळतंय. माझ्या अंथरुणात पातेलं. जीपवर मात्र नवी ताडपत्री, चारशे दहा रुपयांची! चहुबाजूंनी दोरी बांधून कशी निवांत झोपली आहे. मी भिजत दारात उभी राहून म्हटलं, "थोडी सरकवा तिला, मी पण येते आत." हे खरंच दोरी सोडायला लागले! थट्टा कळत नाही, काही कळत नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

चालू झाली. अर्धं गाव धुरात. सोजरबाईची वाळत घातलेली लुगडी काळी झाली, भांडण मी निस्तरलं.

२ सप्टेंबर, सोमवार

आज मात्र हद्द झाली! बेलाहून दोन कापूसवाले आले होते. जीप बाजारासाठी भाड्यानं पाहिजे, आठवड्याला दोनशे देतो म्हणाले. उत्पन्नाच्या पानावर दीडशेच होते. मी हरखून चहा टाकला. तर हे म्हणतात, "भाड्यानं द्याची नाई."

"काऊन?" कापूसवाल्यांच्या आधी मीच विचारलं.

"नाई म्हंजे नाई."

ते चहा पिऊन गेले. मी फाइल आणून ह्यांच्या पुढ्यात आपटली. हे कोणी लिहिलं होतं? खोटा तखमिना करून सही घेतली माझी? जन्मात कचेरीला पाच पैशाचं खोटं बिल दिलं नाही आणि बायकोला दिलं! खरेदी धरून चौदा हजार आठशे गेले, ते कशापायी? शोभेला?

हे पानं चाळत बसले. मग म्हणाले, "एकच फेरी कराची हाय. मंग तू म्हणशीन तर ईकून टाकू."

एका फेरीसाठी चौदा हजार आठशे! काशीला विमानानं जाऊन आले असते मी.

७ सप्टेंबर

बोलत नाही आहे मी.

२८ सप्टेंबर, शनिवार

बोलले. न बोलून त्यांना काही फरक पडत नाही, माझाच घसा दुखतो.

रंग ब्रशानं मारला आहे. हिरवा. पोपटी म्हणावा तर पोपटाला राग येईल. मागच्या बाजूला ओघळ आले आहेत. आणि आत एक वही टांगली आहे — लॉगबुक! निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, कुठून कुठं, किती किलोमीटर, कारण, सही. मी विचारलं, आता कोणत्या साहेबाची सही? "तुही," म्हणाले. मी म्हटलं, माझ्या सह्या संपल्या.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. जीपला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, नारळ. सत्तार मिस्त्रीला धोतरजोडी! तो काय नेसणार आहे?

उद्या सकाळी ती एकुलती एक फेरी. आदिलाबादला जायचं म्हणाले, तू पण चाल. मी म्हटलं, दहाला निघू, अंघोळ, स्वयंपाक, डबा. "नाई. आठला." म्हटलं, सव्वाआठला निघाले तर काय बाजार उठून जाणार आहे? "आठ म्हंजे आठ." आवाज चढवून! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी उडालेच.

बरं बाप्पा, आठला. चांगली साडी काढून ठेवली आहे, ग्रीसचे डाग पडायला. स्लॅबसाठी सिमेंटचा भाव तरी विचारून येईन, फुकट आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

ठोक्याला आठला निघालो. इंदरवेल्ली गेलं तेव्हा मी बाहेर पाहत होते. बाजाराकडं वळले नाहीत. सरकारी दवाखान्याच्या फाटकापाशी जीप थांबवली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं. नऊ वीस.

"ऐंशी मिंटं," म्हणाले. "सुमी वाचली असती, रेणुके. म्या मारली तिले." आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून हा म्हातारा माणूस भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडायला लागला.

मी म्हटलं, "नसती वाचली. कंपाउंडर मले सकाळीच बोल्ला होता — लई उशीर झाला, आता कुठंई न्या, उपेग नाई. तुमी तवा कचेरीत होते. म्याच सांगितलं नाई तुमाले."

डोकं उचलून माझ्याकडं पाहत राहिले. "आन् अठरा वर्सं बोल्ली नाईस?"

"नाई बोल्ली," म्हटलं.

कंपाउंडर जाऊन दहा वर्षं झाली. त्या सकाळी तो मला म्हणाला होता — लगेच न्या बाई, पोरगी हाती लागेल.