उभ्या माणसांचा दिवा

आये, काल न्हाणीतला पंखा पुसायला स्टुलावर चढले, तर वरच्या भिंतीत ती बुजवलेली दोन भोकं दिसली आणि हसूच आलं. या वयात स्टुलावर चढले म्हणून ओरडू नकोस, गुडघ्यांनी दिवसभर ओरडून घेतलंय.

तेव्हा मी बारामतीला एमआयडीसीत मेंटेनन्सला होते आणि तू इथं निमगावात एकटी. ओल्या हातानं बटण दाबून तुला शॉक बसला, तेव्हापासून तू बटणाला हातच लावेनास. अंघोळ अंधारातच. मग घसरलीस, मनगट मुरगळलं, आणि मला कळलं ते शेजारणीनं एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा. मी तणतणतच आले. म्हटलं, आता बास, बारामतीला चल. तू म्हणालीस, "म्या न्हाय येत. तुज्या दोन खोल्यांत जीव गुदमरतुया माजा. हितंच मरंन." तू मरायचं नाव काढलंस की माझं डोकं फिरायचं. शेवटी ठरलं, पुन्हा पडलीस तर मुकाट्यानं यायचं.

पुढच्या रविवारी मी सेन्सर घेऊन आले. माणूस हलला की दिवा आणि पंखा आपोआप सुरू, हालचाल थांबली की थोड्या वेळानं बंद. मेनचा फ्यूज काढून तुझ्या हातात दिला. तू तो कनवटीला खोचून दारात उभी राहिलीस, जणू कुणी हिसकावूनच नेणार होतं. सेन्सरला लागणारी न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बोर्डात नव्हती; ती दिव्याच्या होल्डरपासून ओढली. दिवा आणि पंखा सेन्सरच्या एकाच वायरीला जोडले. फ्यूज बसवून तुला आत ढकललं, तर लख्ख! "अगं बया!" म्हणून तू तोंडाला पदर लावलास. मी लगेच ऐटीत चहा मागितला.

सकाळी आतून तुझी हाक. तोंडाला साबण, दिवा गेलेला, पंखा गप्प. "अगं ए इंजिनेरबाई! तुज्या दिव्याला उभी मान्सं दिसत्यात, बसल्याली न्हाईत!" खरंच की. कारखान्यात लावतात तसा मी तो सेन्सर डोक्याच्याही वर ठोकलेला, आणि तू बसतेस बंबाच्या आड, दगडावर. त्याच दगडावर पायांवर घेऊन तू मला न्हाऊ घातलंस, तरी सुचलं नाही बघ. रजा टाकली, सेन्सरची डबी खाली, दगडासमोरच्या भिंतीवर आणली आणि वरची दोन भोकं बुजवली.

तरी तू अंगावर तांब्या ओतून डोळे मिटून स्वस्थ बसायचीस, आणि दिवा जायचा. मग हात वर करून म्हणायचीस, "हाय मी, हाय!" सुट्टीला आले की मी बाहेर चुलीपाशी ते ऐकायची आणि जीव भांड्यात पडायचा. पुन्हा कधी पडली नाहीस. बारामतीलाही आली नाहीस. हितंच गेलीस, आपलंच खरं केलंस.

आता मीच इथं राहते आणि त्याच दगडावर बसते. हे पत्र कुठं टाकणार, उद्या बंबात जाईल. पण एक सांगते. स्वस्थ बसले की दिवा जातो, मग मीही हात वर करते. फक्त "हाय मी" म्हणत नाही. "हायस ना गं?" असं विचारते. दिवा लागतो तो माझाच हात हलला म्हणून, एवढं मला कळतं. तरी रोज विचारते.