जखमेवरची मिसरी

माय,

पोरीच्या अर्जाचे कागद आले. मार्कमेमोची नोटरी, झेरॉक्स, कुरियर मिळून अठराशे चाळीस रुपये. बाहेरदेशातल्या कॉलेजची फी वेगळी, ती तिनं स्वतःच्या पगारातून भरली. आता एकच कागद उरलाय. दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण कशाला पाहिजे, संशोधन कशावर करायचं, ते दोन पानांत लिहायचं. त्यात तिनं तुझ्याबद्दल लिहिलंय.

आजी मिसरी लावायची आन् तोंडाच्या कॅन्सरनं गेली, एवढंच नाही. गालाला आतून जखम झाली, तर तू तिथंच मिसरी दाबून धरायचीस. "लावली की बधिर पडतंय बाई, लय बरं वाटतंय." एकादशीला साबुदाण्यात जिरंसुद्धा चालायचं नाही तुला, मिसरी मात्र चालायची. "ती पोटात कुठं जाती?" म्हणायचीस, आणि मी हसायचे. पोरीला हेच शोधायचंय, की ज्यानं जखम होते तेच बाया औषध म्हणून का लावतात, अन् दवाखान्यात इतक्या उशिरा का येतात. त्यासाठी ती ताडकळसच्या बाजारात बायांना विचारत बसली. एक म्हातारी म्हणाली, "दात पाहिजे तर काढून ने डॉक्टरीणबाई, डबी न्हाई द्यायची." सगळ्या खिदळल्या. म्हातारीच्या गालात पांढरा चट्टा. पोरीनं हात जोडले, परभणीला दवाखान्यात चला म्हणाली. "सोयाबीन निघू दे," म्हणाली ती. तुझी तेव्हा तूर निघायची होती.

पोरीचे वडील म्हणतात, "घरातलं मरण परक्यांपुढं कशाला मांडायचं?" पोरगी म्हणते, "आई, आजीला काढलं तर माझ्याजवळ लिहायला काय राहतं? तू सांग, तू म्हणशील तसं." उद्या अर्ज जायचाय. मागच्या वर्षी तिचं नाव लागलं नाही, यंदाही लागेल असं वाटत नाही. देवापुढं दिवा लावते, पण मागणं सुचत नाही. नाव लागलं तरी ती शिकून येईपर्यंत ती म्हातारी काही राहत नाही. तिच्या जागी दुसरी बसलेली असेल, डबी घेऊन.

हे पत्र टाकायचं कुठं? वहीतच राहील. पण एक सांगते, जे पोरीला सांगितलं नाही. शेजारीण तव्यावर मिसरी भाजायला लागली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. वास सरेपर्यंत उभी राहते. तू आत असल्यासारखं वाटतं.

तुझी जखम लिहू देऊ का तिला? तेवढं उलट टपाली कळव.