ब्राउझरला लागलेली साडेसाती

मंगळवार, ५ ऑगस्ट
आजपासून डायरी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं खरं लिहायचं.

मोठी बातमी. गावी आंबीच्या बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाची व्याख्यानं चालू आहेत, त्यातला २४ तारखेचा रविवार मला मिळाला. कमिटीचे अध्यक्ष केरबा आबा, त्यांचा स्वतःचा फोन. म्हणाले, तू कंपनीतला माणूस, पोरांना कॉम्प्युटरचं चार शब्द सांग. विषय मीच सुचवला: 'सायबर सुरक्षा आणि वैज्ञानिक दृष्टिकोन'. आबांना अर्धा विषय कळला नाही, उरलेला फार आवडला.

आई आंबीतच असते. तिने एव्हाना निम्म्या गावाला सांगून टाकलंय. तिच्या वडिलांनी छप्पन्न साली देव्हारा उचलून इंद्रायणीत सोडला होता. मला लहानपणी कितीही ताप आला तरी आईने कधी गंडा-दोरा बांधू दिला नाही, थेट तळेगावचा दवाखाना. अशा बाईचा मुलगा मी. भाषण दणक्यात झालं पाहिजे.

गुरुवार, ७ ऑगस्ट
असिस्टंट मॅनेजरची लिस्ट महिनाअखेरीला लागणार म्हणे. काही सुपरवायझरांना घरी पाठवणार असंही कँटीनमध्ये ऐकलं. मीही सुपरवायझरच, पण मला काही फरक पडत नाही.

भाषणासाठी विरोधी बाजूचाही अभ्यास हवा. म्हणून ब्राउझरमध्ये राशिभविष्याचं एक एक्स्टेन्शन टाकलं. फुकट होतं. निव्वळ अभ्यास. जन्मतारीख शाळेच्या सर्टिफिकेटवर आहे, १ जून. वेळेसाठी आईला फोन लावला. कशाला रे, म्हणाली. ऑफिसचा फॉर्म आहे म्हटलं. जरा विचार करून म्हणाली, कान्ह्याला माझ्या माहेरी झालास, सकाळची गाडी शिट्टी देऊन गेली तवा. त्यावरून ६.१० टाकली. आईशी खोटं बोलावं लागलं. अभ्यास म्हटला की आलंच ते.

मेष रास. साडेसाती सुरू. खूप हसलो. 'बढतीचे योग जाणण्यासाठी अलाउ दाबा.' दाबलं.

शनिवार, ९ ऑगस्ट
ब्राउझर कासवछाप चालतोय. सर्चमध्ये 'फायरवॉल म्हणजे काय' टाकलं, पुष्कराजच्या अंगठ्यांचं दुकान उघडलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात सारख्या चिठ्ठ्या येतात. 'सुहासजी, शनी वक्री आहे.'

बायकोला, अमृताला विचारलं, तू कुठल्या भलत्यासलत्या साइटवर गेलीस का. ती म्हणाली, मी तुझ्या लॅपटॉपला हात लावते का कधी? हे काही उत्तर नव्हे.

रविवार, १० ऑगस्ट
प्रतीक्षा कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे. म्हणाली, बाबा, द्या इकडे, पाच मिनिटांचं काम आहे. द्यायचा कसा? उघडल्या उघडल्या मेष रास दिसणार. मी म्हटलं, तुझ्याच त्या वेबसिरीजमुळे व्हायरस आलाय, महिनाभर लॅपटॉपला हात लावायचा नाही.  तिने लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

जेवताना तिच्या ताटात एक पोळी जास्त वाढली. पण शिस्त हवीच.

बुधवार, १३ ऑगस्ट
स्क्रीनभर लाल पाटी: 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात! ताबडतोब क्लीनर डाउनलोड करा.' केला. माणसाने वेळीच कृती केली पाहिजे, हा मुद्दा भाषणात घ्यायचा.

संध्याकाळ. आता लॅपटॉप उघडला की सायरन वाजतो. क्लीनर म्हणतो सगळं काढायचं तर प्रीमियम घ्या. शेजारचे इकबालभाई दारात येऊन काळजीने विचारून गेले, कुणाला दवाखान्यात न्यायचंय का, गाडी काढू का. सायबर सुरक्षेची रिहर्सल चालू आहे म्हटलं.

शनिवार, १६ ऑगस्ट
आज सोक्षमोक्ष. क्लीनर काढला. सायरन थांबला. एक्स्टेन्शन काढलं. कॅशे, कुकीज, हिस्टरी, सगळं साफ. अमृताच्या शाळेच्या पोर्टलचा पासवर्डही साफ झाला, हजेरी भरता येईना. दुपारभर अबोला.

लॅपटॉप बंद करून परत चालू केला. एक्स्टेन्शन हजर. जसं काही झालंच नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट
चिठ्ठी: 'मेष, आज पिवळा रंग टाळा.' पिवळा शर्ट घातला नाही. तो तसाही इस्त्रीला जायचा होता.

भाषणाच्या स्लाइड मस्त झाल्यात. स्लाइड पहिली: अनोळखी एक्स्टेन्शन टाकू नका. स्लाइड दुसरी: दिसेल तिथे अलाउ दाबू नका. लिहिताना कान गरम झाले. पण अनुभवातून लिहिलेलं लोकांना भिडतं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
सुचलं! लॅपटॉप न्यायचाच नाही. विहारात नवा कोरा कॉम्प्युटर आहे. तिथल्या ब्राउझरमध्ये माझं अकाउंट उघडायचं, स्लाइड काढायच्या, बोलायचं. रोगी माणूस घरी, डॉक्टर एकटा दवाखान्यात. प्रतीक्षा म्हणाली, बाबा, अकाउंट उघडण्याआधी सिंक की काय ते बंद करा. मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस.

रविवार, २४ ऑगस्ट
लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

विहार गच्च भरलेला. आई पहिल्या ओळीत, कडक स्टार्चची पांढरी साडी. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगत होती, माजा ल्योक बोलणार हाय. वंदना झाली. मी जयभीम घातला. अकाउंट उघडलं. सुरुवातीलाच म्हणालो, आपल्या समाजाने भविष्य-बिविष्य कधीच सोडलं, आता इंटरनेटवरची अंधश्रद्धा सोडायची आहे. टाळ्या. आईच्या सगळ्यात जास्त.

आणि भिंतभर पडद्यावर: 'मेष! सुहासजी, आज भाषण टाळा. शनी वक्री.'

कोणी तरी खुदकन हसलं.  माइकवर तोंडातून निघून गेलं, हे मुलीचं आहे, तिने टाकलंय. प्रतीक्षा मागे बायांच्यात बसली होती. तिने मान खाली घातली.

ती पाटी घालवायला गेलो आणि नको ते दाबलं गेलं. अख्खी कुंडली उघडली. नाव सुहास. जन्मस्थळ कान्हे. वेळ सकाळी ६.१०. खाली मोठ्या अक्षरांत: 'तुमचा प्रश्न: माझी नोकरी राहील का?'

आई प्रौढ वर्गात वाचायला शिकली. अजून मोठ्यानेच वाचते. शेवटपर्यंत वाचलं तिने. मग टाळ्यांसाठी वर धरलेले हात मांडीवर ठेवले.

केरबा आबांनी चहा सांगितला. मी चपला न घालताच बाहेर गेलो, मग चपलांसाठी परत आत.

सोमवार, २५ ऑगस्ट
रजा टाकली.

सकाळी लॅपटॉप नेऊन प्रतीक्षाच्या पुढ्यात ठेवला. सॉरी म्हणायचं होतं. चार्जर विसरलो होतो, तो आणून दिला. तिने सिंक बंद केलं, एक्स्टेन्शन काढलं, चिठ्ठ्यांची परवानगी काढली, पासवर्ड बदलले. म्हणाली, बाबा, अकाउंटमागून सगळं सामान येतं, तुम्ही जाल तिथे. मग म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, माझ्या मोबाइलवर तुमचं अकाउंट आहे, तिथे दिसायचं. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही घाबरला होतात म्हणून.

तेव्हा सॉरी म्हणालो. फार बारीक आवाजात. तिला ऐकू गेलं.

दुपारी आईला फोन केला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, नोकरीचं भ्या वाटत व्हतं तर मला सांगायचंस, शनीला कशाला इचारलंस?  मग म्हणाली, आन् ती तारीख बी खरी न्हाई. शाळंत नाव घालाया गेलतो तवा मास्तरांनी एक जून लिवली, समद्या पोरांची तीच. गाड्या तर दिवसभर जात्यात. तू फॉर्म म्हणालास, तुजं काम अडू नये म्हणून सांगितली येक. नोकरीचं काय व्हईल ते व्हईल, रईवारी जेवाया ये, पोरीला बी आण.

फोन ठेवला. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मग डोक्यात आलं: तारीख खोटी, वेळ खोटी, म्हणजे मेष रासही खोटी. म्हणजे साडेसाती नाहीच!

एकदम हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचीच जास्त लाज वाटली.

डायरी बंद.