वगळलेल्या अकरा ओळी

१२ जून

चि. फूटपट्टीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेल्याला दहा दिवस झाले. या दहा दिवसांत तू घरभर चिकटवून गेलेल्या एकूण सतरा रंगीत चिठ्ठ्यांशी माझी गाठ पडली. आरशावरच्या गुलाबी चिठ्ठीवर ‘इथे कोण थांबतं?’ असा प्रश्न आहे. दाढी करताना मी रोज त्याचं उत्तर देतो: मी. पंचावन्न वर्षांच्या माणसाला त्याच्याच आरशानं ओळख विचारावी, या अपमानाची तक्रार कोणाकडे करायची ते कळव.

आता मुद्दा. बाबा पडले, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, तेव्हा मी तुला एवढंच विचारलं होतं, की न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात भिंतीला कठडा किती उंचीवर ठोकायचा. तू आर्किटेक्ट. सुताराला चार ओळी लिहून द्यायच्या, की संपलं. त्याऐवजी तू बाबांच्या चष्म्याला तेलाचं बोट लावलंस, तो स्वतः घातलास, गुडघ्याला पट्टी बांधलीस आणि घरभर ठेचकाळत फिरलीस. बाबा मला म्हणाले, पोरीला डॉक्टरकडे ने. वापरणाऱ्याच्या जागी स्वतः उभं राहून बघायचं, तुमच्या ऑफिसात याला डिझाइन थिंकिंग म्हणतात म्हणे. आमचे संस्कृत भाष्यकारही दुसऱ्याची बाजू आधी मांडतात, पण त्यासाठी ते कोणाचा चष्मा पळवत नाहीत.

माझी शंका वेगळीच आहे. कठड्यासाठी स्वयंपाकघराचे फोटो कशाला? गच्चीत तू आणि तुझी आई अर्धा तास बोलत होतात, आणि मी चहा घेऊन आलो तशा दोघी एकदम हवामानावर घसरलात. बाबा पडल्यापासून तिचं एकच पालुपद आहे: बाबांना मी माझ्याकडे नेते, हा एकटा प्राध्यापक ब्याऐंशीच्या माणसाला काय सांभाळणार. तेव्हा तुझी टेप घराची लांबी मोजत होती की माझी लायकी, हे स्वच्छ लिही.

तू दिलेली वही सोबत आहे. बाबा केव्हा उठले, कुठून कुठे गेले, आठ दिवसांची नोंद, सुवाच्य आणि संशोधित. बाबा रेडिओ ऐकताहेत. चाळीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढलेला माणूस, त्यामुळे रेडिओचा आवाजही बॉयलरइतकाच.

संशयासकट लोभ आहे, तुझाही राहू दे.

तुझा
मामा


१९ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चिठ्ठ्या सतरा नव्हेत, एकोणीस. दोन तुला अजून सापडलेल्या नाहीत.

गच्चीत आम्ही तुझ्याबद्दलच बोलत होतो. तू वाळलेला दिसतोस, वेळेवर जेवतोस का, असं आई विचारत होती. तुला ते पटणार नाही, तरी लिहून ठेवते.

कठड्याचं असं आहे, की मागितलेली वस्तू लगेच कागदावर काढायची नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. मागच्या वर्षी एका वाचनालयानं आणखी एक खोली मागितली. लोकांना बसायला जागा नाही, ते बाहेर पायऱ्यांवर वाचतात, अशी तक्रार. मी तिथे तीन दिवस नुसती बसून राहिले. आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. खुर्ची जरा सरकवली की फरशीवर असा कर्कश आवाज व्हायचा, की वाचणारा पुस्तक उचलून बाहेर जायचा. शेवटी खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. आमचे साहेब आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, कारण खोली बांधायचं काम हातचं गेलं.

आता तुझी वही. अक्षर छापल्यासारखं. पण आजोबा पडले ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, आणि तुझ्या वहीप्रमाणे ते आठ दिवसांत एकदाही स्वयंपाकघरात गेलेले नाहीत. म्हणून पानं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. अकरा ओळी खोडरबरानं पुसलेल्या आहेत आणि अकराही ठिकाणी ‘स्वयंपाकघर’ एवढं वाचता येतं. का पुसलंस, मामा? मी रागावलेले नाही. मला फक्त संशय येतो आहे, आणि ही विद्या तुझ्याकडचीच.

आजोबांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी
फूटपट्टी


२५ जून

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद.

भाचीच्या जागी घरात फौजदार जन्माला आल्याचं आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुसलं, कबूल. पोथी संपादताना संदर्भ सोडून आलेली ओळ आम्ही प्रक्षिप्त म्हणून वगळतो. म्हणजे ती मूळ लेखकाची नव्हे, मागाहून कोणीतरी घुसडलेली. बाबा न्हाणीघरात जातात, त्याला अर्थ आहे. खिडकीशी जातात, त्यालाही आहे. स्वयंपाकघरात मात्र जातात आणि मिनिटभरात रिकाम्या हातानं परत येतात. विचारलं तर म्हणतात, पाणी प्यायला. पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी असतो.

हे झालं शास्त्र. खरं कारण असं, की उगाच फेऱ्या घालणारा म्हातारा त्या वहीत दिसला असता, वही तुझ्या आईच्या हाती गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी राहिली असती. बाबांना या घरातून हलवलं तर ते वर्ष काढणार नाहीत. त्यांचं डोकं ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा त्यांच्याच लक्षात जास्त राहतं.

तेव्हा विचारतो: हा प्रश्न तुझा, की तुझ्या आईनं तुझ्याकडून विचारून घेतलेला?

लोभ तूर्त राखून ठेवला आहे.

मामा


१ जुलै

ती. मामास,
सा. न.

प्रश्न माझाच. वही आईनं पाहिलेली नाही, आणि तू सांगेपर्यंत पाहणार नाही.

एक कर. तीन दिवस आजोबांना काही विचारू नकोस, धरायलाही धावू नकोस. बोळाच्या टोकाला वर्तमानपत्र घेऊन बस आणि ते स्वयंपाकघरात काय करतात ते नुसतं बघ. वहीत आणखी एक रकाना आख: त्याआधीच्या अर्ध्या तासात घरात कोण काय करत होतं. आणि यावेळी काहीही वगळू नकोस. फेऱ्या खरंच निरर्थक निघाल्या तर तू जिंकलास, कठडा मी स्वतः येऊन ठोकते.

माझा राखून ठेवलेला लोभ परत पाठव.

तुझी
फूटपट्टी


९ जुलै

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितल्याप्रमाणे बसलो. पहिल्या दिवशी साडेदहाच्या सुमारास बाबांनी रेडिओ बंद केला, मान वर करून वास घेतला आणि चांगल्या हातानं भिंत धरत माझ्यासमोरून गेले. आत जाऊन त्यांनी गॅसचं बटण फिरवलं, फडक्यानं दुधाचं पातेलं खाली घेतलं, वर झाकण ठेवलं. परतताना मला विचारलं, काय म्हणतं वर्तमानपत्र?

मग मी तुझा नवा रकाना भरायला घेतला. दूध कोणी ठेवलं होतं? घरात आम्ही दोघेच. म्हणजे मीच. पण ठेवल्याचं मला आठवेना. अजूनही आठवत नाही.

तीन दिवसांत अशा चार फेऱ्या झाल्या. एकदा तर गॅसवर काहीच नव्हतं, नुसती ज्योत जळत होती. शेवटी मी बाबांना विचारलं, हे केव्हापासून चाललं आहे. म्हणाले, वर्ष होत आलं. मला का नाही सांगितलंत, म्हटलं. तर म्हणाले, कॉक उघडा दिसला की बंद करायचा असतो, त्याची दवंडी पिटायची नसते. पडले त्या दिवशी ते न्हाणीघराकडे निघालेच नव्हते. मी गॅसवर विसरलेल्या चहाच्या मागे घाईनं चालले होते.

बोळात कठडा ठोक, आणि आपोआप बंद होणारी शेगडी मिळते म्हणतात, तीही बघ. पण तू शोधत होतीस ती अडचण बाबांची नव्हे, हे तुझ्या रकान्यानं दाखवलं. मार्चमध्ये मी एकच श्लोक लागोपाठ दोन दिवस शिकवला. मुलांनी तो दोन्ही दिवस मुकाट्यानं उतरवून घेतला. मी तेव्हा त्यांना मठ्ठ ठरवलं होतं.

तुझ्या आईला तू काही कळवू नकोस. मीच लिहितो, आणि आजच लिहितो. तिच्यावर उगाच संशय घेतला, तेही लिहितो. डॉक्टरकडे जायचं आहे. त्या दिवशी तू बरोबर ये.

आशीर्वाद आणि लोभ इथेच लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिल्यावर ते जमणार नाही.

बाबा पडतील याची मला काळजी नाही. ते ब्याऐंशीचे आहेत. आज ना उद्या ते माझ्या मागून जाऊन गॅस बंद करायचे थांबतील, आणि त्यानंतर मी या घरात एकटा असेन. मला त्याची भीती वाटते.

मामा