उलट्या सुकाणूची वारस

मी, खाली डाव्या हाताने सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आणि आता घरीच, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना मी तसे विचारूनही घेतले. त्यांनी आधी तोंड उघडायला सांगितले, पण ती त्यांची सवय आहे. माझ्यावर कुणी दडपण आणलेले नाही. तुझ्यावर दडपण आणणारे माणूस अजून जन्माला यायचे आहे, असे माझे यजमान म्हणत, आणि त्यांनी प्रयत्न करून पाहिलेला होता.

वकील म्हणाले, आधी स्थावर, मग जंगम, मग किरकोळ असा क्रम ठेवा. तसा ठेवते. पण वाचणाऱ्याने आत्ताच समजून असावे की या कागदातले खरे काम किरकोळमध्ये आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे-निम्मे. थोरला दूर असतो आणि घर विकू या म्हणतो. खुशाल विकावे. मात्र घेणाऱ्याला सांगावे की हे घर डावखुरे आहे. दारांच्या कड्या, कपाटांच्या मुठी, स्वयंपाकघरातला नळ, शिवणाच्या टेबलाचा खण, सगळे ह्यांनी काढून डाव्या हाताला सोपे पडेल असे बसवले. लग्नाआधी मी जिथे जिथे राहिले तिथे प्रत्येक वस्तू दुसऱ्याच कुणासाठी केलेली असायची. ह्यांनी त्यावर कधी भाषण दिले नाही, सरळ स्क्रू ड्रायव्हर घेतला. पाहुणे बाहेर कडीशी झटापट करत उभे राहत आणि आम्ही दोघे आत तोंडावर हात धरून हसत असू. मी आयुष्यात पहिल्यांदा कुठे राहिले असेन तर या घरात.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही निम्मे-निम्मे. भांडू नये. भांडण्याइतके ते नाही.

कलम ३. कापडाची मोठी कात्री, डाव्या हाताची, कारखान्यात कटिंगच्या टेबलावर नेऊन ठेवावी. कुणीतरी डावखुरे तिथे येईलच. कात्रीचे चामड्याचे म्यान वन्संना द्यावे. कात्री नाही, फक्त म्यान. वन्संनी एकदा मला न विचारता त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता. वर म्हणाल्या, "कात्रीच ती, तिला काय कळतंय पुठ्ठा आणि कापड!" कात्रीला कळते. वन्संना कळले नाही, म्हणून म्यान. बाकी त्यांच्यावर माझा जीव आहे आणि त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो.

कलम ४. ह्यांच्या दुकानातून घरी आलेली हत्यारे, म्हणजे सोल्डरिंग गन, चिमटे, डोळ्याला लावायचे भिंग आणि तारांची रिळे, धाकटीला. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, तिचा हात स्थिर आहे. हत्यारे तिलाच का, ते पुढे येते.

कलम ५. किरकोळ.

एक व्हिडिओ गेमचे यंत्र, ते ज्याला जोडलेले आहे तो टीव्ही, आणि दोन कंट्रोलर.

आता हे सगळे सत्तरीच्या बाईकडे कुठून आले ते सांगायला हवे, नाहीतर वकिलांचा कारकून हे खेळणे म्हणून सोडून देईल. माझे यजमान रेडिओ दुरुस्त करत. लोक त्यांना रेडिओवालेच म्हणत. पुढे रेडिओ दुरुस्त करून घेणारे संपले आणि अंगठ्याने फिरवून फिरवून दांड्या सैल झालेले कंट्रोलर दुकानात येऊ लागले. एका गिऱ्हाइकाने अख्खे यंत्र दुरुस्तीला टाकले आणि तो ते न्यायला आलाच नाही. पुष्कळ वाट पाहून ह्यांनी ते घरी आणले. आत एकच खेळ होता. त्यात मारामारी नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. धुके, पाणी आणि एक होडी. एक माणूस मागे बसून सुकाणू धरतो, दुसरा पुढे दिवा घेऊन उभा राहतो. दिवा फिरेल तेवढेच पाणी दिसते.

मला सुकाणू हवे होते. ते होते उजव्या अंगठ्याखाली, आणि माझा उजवा अंगठा नुसता शोभेचा. होडी दगडांवर आपटायची. मी कंट्रोलर ठेवून दिला आणि म्हटले, हेही माझ्यासाठी नाही केलेले. झाले. ह्यांनी लगेच स्क्रू काढले.

ह्यांची कामाची एक तऱ्हा होती. माझ्यासाठी काही करायचे असले की ती वस्तू घेऊन ते ड्रेसिंग टेबलासमोर बसत आणि आरशात पाहून काम करत. "मी उजवा," म्हणत, "तुझ्यासाठी काही करायचं तर मला आधी तू व्हावं लागतं." कड्या अशाच बसल्या आणि उत्तम बसल्या. कंट्रोलरच्या आतली सर्किटची पाटीही त्यांनी आरशासमोर धरली, केसासारख्या तारा इकडच्या तिकडे नेल्या, सुकाणू डाव्या अंगठ्याखाली आणले. सोल्डरचा एक थेंब टेबलाच्या फळीवर पडून डाग पडला, त्यावर मी बोलले, तेही ऐकून घेतले. पण आरशाने एक गोष्ट जास्तीची उलटवली, आणि ती आरशाबाहेर आल्याशिवाय कळेना.

"अहो, डावीकडे ढकललं तर उजवीकडे जातेय ही."

ह्यांनी स्वतः एकदा ढकलून पाहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. खऱ्या होडीचं सुकाणू असंच चालतं."

"तुम्ही कधी बसलात खऱ्या होडीत?"

"बसायला कशाला पाहिजे? माहीत असतं माणसाला."

पुढे कळले की ते खरोखरच तसे चालते. म्हणजे चूकही त्यांची आणि नशीबही त्यांचेच. मी मात्र त्या चुकीवर हात बसवला. डावीकडे जायचे तर उजवीकडे ढकलायचे. आता दुसरा कुठलाही कंट्रोलर मला चालवता येत नाही, आणि माझा दुसऱ्या कुणाला.

दुपारी जेवणे झाली की आम्ही पडदे ओढत असू. खोलीत टीव्हीचा निळसर उजेड पसरायचा, भिंतीवर पाणी हलायचे. खालून भंगारवाल्याची हाक यायची आणि ती धुक्यातून आल्यासारखी वाटायची. हे दिवा धरत, मी सुकाणू. बोलणे फारसे नसे. कधी हे डुलकी घेत आणि पडद्यावरचा त्यांचा माणूस जागा राही. बराच वेळ बटण दाबले नाही की तो माणूस दिवा एका हातातून दुसऱ्या हातात घेतो, खांदा हलवतो आणि पुन्हा उभा राहतो. मला ते फार आवडे. कधीकधी डोळा लागल्यावर स्वप्नातही तेच पाणी असे, आणि जाग आली तरी मी होडीतच असे. मी त्या दुपारी सुखात होते. हे कायद्याच्या कागदावर लिहायची पद्धत नसेल, पण माझ्या जंगम मालमत्तेत एवढीच गोष्ट किमतीची आहे.

एका दुपारी धुक्यात एक बेट लागले. वर घर, घराच्या एका खिडकीत उजेड. इतके दिवस फिरून पहिली खिडकी. उतरायचे तर दोघे लागतात, एकाने होडी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने दिवा घेऊन पाय टाकायचा. मी म्हटले, चला. हे म्हणाले, "आज दमलोय गं. उद्या उतरू." मी नांगर टाकला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना दवाखान्यात न्यावे लागले, आणि तिथून ते परत आले नाहीत.

त्यानंतर मी दुपारी एकटी बसते. होडी नांगरलेली, खिडकीत उजेड, पुढे ह्यांचा माणूस दिवा घेऊन उभा. थोरला आला होता तेव्हा म्हणाला, "दे इकडे दुसरा, आत्ता उतरवतो तुला." मी तो कंट्रोलर पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. ह्यांच्या जागी कुणी बसावे असे मला वाटत नव्हते.

आता धाकटीबद्दल. तिने मला खेळताना पाहिले आणि तिच्या लक्षात आले की मी डावीकडे ढकलते तेव्हा होडी उजवीकडे वळते. ती म्हणाली, "आई, बाबांची चूक राहून गेलीये यात." मला डुलकी लागली होती तेवढ्यात तिने स्क्रू काढून तारा सरळ केल्या. तिच्या मनात चांगलेच होते. उठल्यावर मी थोडे फिरून यावे म्हणून नांगर काढला, सवयीने सुकाणू ढकलले, आणि होडी थेट खडकांत. बेट धुक्यात गेले. खिडकी गेली.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"अगं, मी नीट करून दिलं."

"बिघडलं होतं कुठे?"

"आई, गेम आहे तो!"

मी तिला घरी जायला सांगितले. ती गेली. येणे तिने सोडले नाही, ती तशी नाही. पण त्यानंतर आम्ही गॅस, औषधे आणि विजेचे बिल याच विषयांवर बोलत आलो. अशा बोलण्यावर घर चालते, पण मला तिची आठवण येत असे, ती समोर बसलेली असतानासुद्धा.

मग मी डोळ्यांच्या तपासणीला गेले होते, तेव्हा किल्ली तिच्याकडे होती. परत आले, ती निघून गेली होती. चार दिवस मी कंट्रोलरला हात लावला नाही. एका दुपारी सहज उचलला, डावीकडे ढकलले, आणि होडी उजवीकडे गेली.

मी उठून ड्रेसिंग टेबलापाशी गेले. ह्यांच्या डागाशेजारी फळीवर नवा डाग होता, ताजा, काळा. चूक तिला नुसत्या डोळ्यांनीही करता आली असती. चष्म्याच्या काचा बसवणारी मुलगी ती. पण तिला बाबांची चूक बाबांसारखीच करायची होती. ती आरशासमोर बसली, आधी बाबा झाली, मग मी. मी कंट्रोलर उघडून पाहिला. ह्यांचे सोल्डरचे टाके बाजरीच्या दाण्याएवढे असत, हिचे चांगले वाटाण्याएवढे आहेत. इतके भद्दे आणि इतके सुंदर काम मी पाहिलेले नाही.

त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही आणि मीही नाही. आमच्या घरात दोघी एकाच मातीच्या. मी होडी खडकांतून काढली, धुक्यात पुष्कळ दुपारी भटकले आणि बेट पुन्हा शोधले. नांगर टाकला आहे. खिडकीत उजेड आहे.

तरी यंत्र, टीव्ही आणि माझा डावखुरा कंट्रोलर, त्यातल्या उलट्या तारांसह, हे सगळे माझ्यामागे धाकटीने घ्यावे. त्या तारा कुणीही, कधीही, कितीही चांगल्या मनाने सरळ करू नयेत.

कलम ६. दुसरा कंट्रोलर, ह्यांचा, दिव्याचा, तोही धाकटीला. मात्र हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, तर उद्या रविवारी दुपारी जेवणानंतर अमलात येईल.

यावर वकिलांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "मास्तरीणबाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. जिवंतपणी द्यायचं तर त्याला बक्षीसपत्र म्हणतात, त्याचा कागद वेगळा."

मी म्हटले, "तुम्ही त्याला काहीही म्हणा. मला ते घर आतून बघायचंय, आणि मेल्यावर मला कोण उतरवणार?"

त्यांनी पेन उचलले आणि मी सांगितले तसे लिहून घेतले.

या कागदाची एक प्रत खालच्या औषधवाल्यांनी आजच दुकान बंद करून जाताना धाकटीच्या हातात द्यावी. तोंडी काही सांगू नये. त्यांना राहवत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. वरचे सर्व मी वाचले, मला समजले आणि ते माझेच आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, पडदे उघडे.
दिनांक: शनिवार, २४ ऑगस्ट २०२४.

मृत्युपत्र करणारी: सही (डाव्या हाताने, शाई थोडी पसरली आहे, ती नेहमीच पसरते)

आमच्या दोघांच्या समक्ष बाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष.
साक्षीदार पहिले: वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. सही.
साक्षीदार दुसरे: खालचे औषधवाले. सही.

(प्रतीच्या पाठीवर, पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात. प्रत त्याच रात्री दाराच्या फटीतून आत सरकवलेली.)

आई, वाचलं. औषधवाले काका काहीच बोलले नाहीत, फक्त रडले. उद्या जेवूनच येते, म्हणजे लगेच बसू. तू होडी धर, मी दिवा घेऊन उतरते. बाबांचा कंट्रोलर चार्जिंगला लाव. पिठाच्या डब्यामागे आहे, मला कधीपासून माहितीये.